डॉक्टर म्हणतात बायपास, तुम्हाला हवीय स्लीव्ह?

वजन कमी करायची सर्जरी करायचं घरात ठरलं. पण कोणती करायची, यावर तुमचं आणि डॉक्टरांचं जमेना. मग ऐकायचं कुणाचं?

समजा, तुमचं वय २१. लातूरला औसा रोडवर रूम, नाहीतर नांदेडला श्रीनगरात हॉस्टेल. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि वर एक रिपीटचं वर्ष ‘नीट’च्या खुर्चीत गेलं. सकाळी सहाला क्लास, दुपारी मेसचा डबा, रात्री बाराला चौकात चहा आणि वडापाव. तब्येत सुटली ती सुटलीच. मग डाएट झालं, जिम झाली, कुणीतरी सांगितलेला काढाही पिऊन झाला. दहा किलो उतरले, चौदा किलो परत आले. आज उंची ५ फूट ४ इंच आणि काट्यावर ११८. जिना चढला की दम लागतो, गुडघे दुखतात, रक्तातली साखर काठावर आलीय.

तुमच्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह सर्जरी केली आणि तो ओळखू येईना इतका बारीक झाला. म्हणून तुम्हीही ठरवलं, आपणही स्लीव्हच करायची. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आईबाबांसोबत पुण्याला गेलात. सर्जनने रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, ‘तुमच्यासाठी स्लीव्ह नको, आपण बायपास करू.’

परतीच्या गाडीत तीन मतं. बाबा म्हणतात, ‘डॉक्टर म्हणतेत तर तेच करू, त्यांना कळत नाही का?’ आई म्हणते, ‘काहीच करू नका, ज्वारीची भाकर खा अन् रोज फिरायला जा.’ फोनवर मावसभाऊ म्हणतो, ‘बायपासचं पॅकेज मोठं असंल, दुसरा डॉक्टर बघ.’

तिघांनी मत दिलं. पण डॉक्टरांच्या समोर बसलेले असताना एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. बायपासच का?

या लेखात तेवढंच सांगायचंय. डॉक्टरांचं मत तुमच्यापेक्षा वेगळं पडलं, तर लगेच मान डोलावू नका आणि लगेच डॉक्टरही बदलू नका. आधी कारण विचारा. ते कारण तुमच्या रिपोर्टमध्ये दाखवता आलं, तर ऐका. नाही आलं, तर दुसरं मत घ्या.

आधी आकडा काढा

सर्जरी कुणासाठी, हे बीएमआयवर ठरतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ५ फूट ४ इंच म्हणजे १.६३ मीटर. त्याचा वर्ग २.६६. ११८ भागिले २.६६, म्हणजे साधारण ४४.

आपल्याकडे बरीच वर्षं वापरात असलेली रेषा अशी: बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असा आजार असेल, तर सर्जरीचा विचार करायचा. २०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली. कारण आपल्याकडे कमी वजनातही शुगर लवकर गाठते. आरोग्य विम्याचे नियम मात्र वेगळे आहेत. तिथे वय १८ पूर्ण हवं, बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार हवा. शिवाय साधे उपाय करून पाहिले आणि ते जमले नाहीत, हेही दाखवावं लागतं.

म्हणजे रेषा एक नाही. एक डॉक्टर ‘करू’ म्हणतात आणि दुसरे ‘नको’, त्यात दरवेळी कुणीतरी चुकतंय असं नसतं. कोण कोणती रेषा धरून बोलतंय, हे आधी विचारून घ्या.

आणि वजन ७८ किलो, उंची तीच, मे महिन्यात लग्न, म्हणून बारीक व्हायचंय, अशा वेळी डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर ते तुमच्या भल्याचं बोलतायत. ही सर्जरी लग्नाच्या फोटोसाठी नाही.

स्लीव्ह काय, बायपास काय?

बायपास म्हटलं की घरचे हृदयाचं ऑपरेशन समजून घाबरतात. या बायपासचा हृदयाशी संबंध नाही. दोन्ही सर्जरी सहसा दुर्बिणीतून, पोटावर छोटी छिद्रं पाडून करतात.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लावत नाहीत. थोडं खाल्लं की पोट भरतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जठराच्या ज्या भागात जास्त बनतं, तो भागही निघून जातो, म्हणून भूकही मंदावते. काढलेला भाग परत बसवता येत नाही.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहान लिंबाएवढी पिशवी करतात आणि खालून लहान आतडं वर आणून तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. जठराचा उरलेला भाग पोटातच राहतो. इथे दोन जोड असतात.

तिसरा प्रकार मिनी बायपास. यात जठराची लांबट पिशवी आणि एकच जोड. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि भारतात ती बऱ्यापैकी रुळली आहे. म्हणून डॉक्टर नुसतं ‘बायपास’ म्हणाले, तर कोणता बायपास, एक जोडाचा की दोन, हेही विचारा. दोन्हींचे फायदे-तोटे सारखे नाहीत. एक जोडाच्या प्रकारात पित्तरस उलटा पिशवीत येण्याची शक्यता असते.

‘पित्त होतं’ हे सांगितलं का?

आता मुद्द्याचं. डॉक्टर वेगळं का म्हणाले, याचं एक नेहमीचं कारण आपल्याकडे इतकं घरगुती झालंय की ते आजार वाटतच नाही. आपण म्हणतो, ‘पित्त झालंय.’

रात्री ठेचा-भाकरी खाल्ली, छातीत जळजळ. झोपलं की आंबट पाणी घशाशी. मेडिकलवरून गोळी आणली, उपाशीपोटी घेतली, विषय संपला. तीन वर्षं असंच चालू. आणि डॉक्टरांनी विचारलं, ‘काही त्रास?’ तर आपण सांगतो, ‘तसं काही नाही.’

स्लीव्हसाठी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असते. जठराची अरुंद नळी झाली की आतला दाब वाढतो आणि आम्ल वर, अन्ननलिकेत येण्याचं प्रमाण वाढू शकतं. ज्यांना आधीच जळजळ आहे, ज्यांच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज किंवा जखम दिसते, त्यांना अनेक सर्जन स्लीव्हऐवजी दोन जोडांचा बायपास सुचवतात. त्यात आम्ल वर येणं बहुतेकदा कमी होतं.

मावसभावाला पित्त नव्हतं, तुम्हाला आहे. दोघांचं वजन सारखं असलं तरी दोघांची सर्जरी वेगळी असू शकते.

उलटही होतं. तुम्हाला बायपास हवा असतो आणि डॉक्टर स्लीव्ह म्हणतात. त्याची कारणंही तुमच्यातच सापडतात:

रक्त कमी आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना अॅनिमिया आढळला होता. बायपासनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम शरीरात कमी शोषलं जातं. आधीच हिमोग्लोबिन ८ असेल आणि गोळ्या नियमित घेण्याची सवय नसेल, तर डॉक्टर विचार करणारच.

तंबाखू, गुटखा, सिगारेट आहे का? बायपासच्या जोडाजवळ अल्सर होण्याचा धोका त्याने वाढतो. आईबाबा शेजारी बसलेत म्हणून हे लपवू नका. डॉक्टरांना एकट्याने भेटायला मागा.

सांधेदुखी किंवा डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वरचेवर लागतात का? बायपासनंतर त्या टाळायच्या असतात, कारण तोच अल्सर.

फिट्स, थायरॉइड, मानसिक आजाराची औषधं चालू आहेत का? बायपासनंतर काही औषधांचं शोषण बदलतं.

यातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला माहीत असते आणि डॉक्टरांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. मतभेद बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. डॉक्टर रिपोर्ट बघून बोलत असतात आणि तुम्ही मावसभावाचा फोटो बघून.

दहा वर्षांनी काटा काय म्हणतो?

‘पण बायपासने वजन जास्त उतरतं ना?’ हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर देणारा चांगला अभ्यास फिनलंडमध्ये झालाय. २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाची स्लीव्ह केली, दुसऱ्याचा बायपास. दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. जास्तीचं जे वजन होतं, त्यातलं स्लीव्हवाल्यांचं सरासरी ४३.५ टक्के कमी झालेलं होतं आणि बायपासवाल्यांचं ५१.९ टक्के.

हे टक्के तुमच्या ११८ किलोवर लावून बघू. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे साधारण ६६ किलो. जास्तीचं वजन ५२ किलो. त्याचे ४३.५ टक्के म्हणजे साडेबावीस किलो आणि ५१.९ टक्के म्हणजे सत्तावीस किलो. दहा वर्षांनी दोन्हींतला फरक साधारण साडेचार किलोचा.

आता दुसरा आकडा. याच अभ्यासात दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली, तेव्हा अन्ननलिकेला सूज असलेले स्लीव्हच्या गटात ३१ टक्के निघाले आणि बायपासच्या गटात ७ टक्के.

हे लोक फिनलंडचे होते आणि तुमच्याहून वयाने मोठे होते, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला चिकटवायचे नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांवर असाच अभ्यास झाला, त्यातही पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. यातून घ्यायचं ते एवढंच: ‘कोणत्यात जास्त किलो उतरतात’ या एकाच प्रश्नावर निवड करू नका. किलोंचा फरक आपण समजतो त्याहून कमी असतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षं कोणता त्रास सोसायचा आणि कोणती काळजी घ्यायची, यातला फरक मोठा असतो.

स्लीव्ह निवडली, तर जळजळीवर लक्ष ठेवावं लागेल. पुढे ती हाताबाहेर गेली, तर स्लीव्हचा बायपास करता येतो, पण ते दुसरं ऑपरेशन असतं. बायपास निवडला, तर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि वर्षाला रक्ततपासणी आयुष्यभर. स्लीव्हमध्येही हे सुटत नाही, बायपासमध्ये चुकवलं तर जास्त महागात पडतं. बायपासनंतर बासुंदी, उसाचा रस, गोड चहा पटकन पोटात गेला, तर काहींना घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. दारूही लवकर चढते.

डॉक्टरांचं कारण कुठलं?

आता दुसरी बाजू. डॉक्टर वेगळं म्हणाले त्याचं कारण दरवेळी तुमच्या शरीरातच असतं असं नाही. एखाद्या सर्जनने हजार स्लीव्ह केलेल्या असतात आणि बायपास मोजके. त्यांचा कल स्लीव्हकडे राहणारच. यात वाईट काही नाही. ज्या हाताला जी सर्जरी येते ती त्या हाताने करणं सुरक्षितच. पण मग ‘तुमच्यासाठी स्लीव्ह चांगली’ आणि ‘मला स्लीव्ह चांगली येते’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं वाक्य ऐकलं की विचारा, ‘सर, माझ्या रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीमुळे?’

चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. तो फाइल उघडतो, एंडोस्कोपीचा कागद दाखवतो, शुगरचा आकडा दाखवतो. एंडोस्कोपी केलीच नसेल, तर ती का केली नाही हे विचारा. उत्तर ‘आम्ही सगळ्यांना हीच करतो’ किंवा ‘या महिन्यात ऑफर आहे’ असं आलं, तर फाइल काखेत मारून नमस्कार करा.

तुमचीही कारणं तपासून घ्या. ‘स्लीव्ह सोपी असते’, ‘इन्स्टावर त्या मुलीने हीच केली’, ‘बायपास नाव ऐकलं की आजी घाबरते’. ही कारणं तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच सापडणार नाहीत.

सही तुमची लागते

१८ वर्षं पूर्ण झाली असतील, तर संमतीपत्रावर सही तुमची. बाबांची नाही, आईचीही नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, १६ जानेवारी २००८ चा, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. दिल्लीतली ४४ वर्षांची स्त्री तपासणीसाठी दाखल झाली होती. तिने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय, बीजांडं काढून टाकली. न्यायालयाने सांगितलं, जिवाला तातडीचा धोका नसताना हे चालणार नाही. सज्ञान रुग्णाच्या संमतीच्या जागी आईची संमती चालत नाही, आणि एका प्रक्रियेची संमती म्हणजे दुसरीची संमती नव्हे. उपचार काय आहे, त्याला पर्याय काय, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे डॉक्टरांनी आधी समजावून सांगायला हवं, असंही या निकालात आहे.

म्हणून संमतीपत्र नीट वाचा. त्यावर ‘वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया’ एवढंच मोघम लिहिलं असेल, तर नेमकं नाव लिहून घ्या. ऑपरेशन चालू असताना बेत बदलावा लागला तर कोणत्या कारणासाठी आणि काय करणार, हेही आधीच बोलून घ्या.

याची दुसरी बाजूही आहे. तुम्हाला हवी ती सर्जरी करायची सक्ती तुम्ही डॉक्टरांवर करू शकत नाही. तुमच्यासाठी धोक्याची वाटते ती करायला ते नकार देऊ शकतात. तुमच्या हातात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं आहे आणि दुसरीकडे विचारणं आहे.

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क लिहिलेला आहे. दाखल झाला असाल, तर मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना एक युक्ती करा. रिपोर्ट सगळे दाखवा, पण पहिले काय म्हणाले ते लगेच सांगू नका. त्यांना आधी स्वतःचं मत देऊ द्या, मग पहिलं मत सांगा आणि फरक का पडला ते विचारा. दोघांनी एकच सर्जरी सांगितली, तर तुमची शंका बरीचशी मिटते.

दुसरं मत दरवेळी पुण्या-मुंबईलाच मिळतं असंही नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सर्जरी आणि मेडिसिनच्या ओपीडीत फाइल दाखवा. ज्यांना तुमच्याकडून पॅकेज विकायचं नाही, अशा माणसाचं मत ऐकलेलं बरं असतं.

सर्जरी पुण्याला, पोटदुखी देगलूरला

आपल्या भागातल्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट धरायला हवी. सर्जरीसाठी आपण पुणे, मुंबई, हैदराबाद, संभाजीनगर गाठतो. ऑपरेशन होतं, काही दिवसांत सुट्टी मिळते आणि आपण परत येतो देगलूरला, उदगीरला, किनवटला, निलंग्याला. डॉक्टर तिथे, आपण इथे.

बायपासनंतर कधी कधी, महिन्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा, आतडं आतल्या फटीत अडकू शकतं. पोटात जोराची कळ येते. रात्री दोनला गावातल्या दवाखान्यात गेलात आणि बायपास झालाय हे सांगितलंच नाही, तर पित्ताचं इंजेक्शन मिळेल आणि वेळ जाईल. अशा वेळी सीटी स्कॅन आणि सर्जन लागतात. दोन्हीपैकी कोणत्याही सर्जरीनंतर सतत उलट्या होत राहिल्या, तर बी-१ हे जीवनसत्त्व घसरून नसांना इजा होऊ शकते. तेही नुसतं सलाईन लावून विसरायचं नसतं.

म्हणून सर्जरीआधीच तीन गोष्टी करा. सर्जरीचं नाव, तारीख, सर्जनचा फोन नंबर लिहिलेला कागद मोबाइलमध्ये आणि पाकिटात ठेवा. नांदेडचा किंवा लातूरचा एक डॉक्टर आधीच गाठून त्यांना सगळं सांगून ठेवा. आणि घरात निदान दोघांना खरं सांगा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सगळ्यांपासून लपवलेली सर्जरी अडचणीच्या वेळी जिवावर येते.

वर्षातून चार वेळा पुण्याला जाणं घरच्यांना परवडणार आहे का, महिन्याच्या गोळ्यांचा खर्च कोण करणार, हेही डॉक्टरांसमोर बोला. ‘सर, आम्ही फॉलोअपला इतक्या वेळा येऊ शकत नाही’ हे ऐकून ते मत बदलू शकतात, आणि ते योग्यच आहे.

लग्नाचं बोलणं चालू असेल तर

मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. सर्जरीनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी बऱ्याचदा नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, दुसरं साधन विचारून घ्यावं लागतं. घरात स्थळं बघणं चालू असेल, तर सर्जनसमोर हे बोलायला लाजू नका. त्यावरही सर्जरीची निवड आणि वेळ ठरते. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुतेकांचे ते परत येतात. हे आधी माहीत असलं की रडू येत नाही.

फाइल घेऊन जाताना हे विचारा

१. माझ्यासाठी हीच सर्जरी का? कोणता रिपोर्ट बघून?

२. दुसरी केली तर माझ्या बाबतीत नेमकं काय बिघडू शकतं?

३. एंडोस्कोपीत काय दिसलं? नसेल केली, तर का नाही?

४. तुम्ही दोन्ही सर्जरी नियमित करता का?

५. पुढे त्रास झाला तर दुरुस्ती काय, आणि तिचा खर्च पॅकेजमध्ये आहे का?

६. कोणत्या गोळ्या, किती वर्षं, महिन्याला किती रुपये?

७. रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल?

उत्तरं तिथेच वहीत लिहून घ्या. बाहेर आल्यावर निम्मी विसरतात.

आणि डॉक्टर ‘आत्ता नकोच’ म्हणाले तर?

हाही मतभेदच. सगळ्यात जास्त राग याचाच येतो. पण कारण इथेही विचारा. थायरॉइड तपासायचा राहिलाय का? परीक्षेच्या ताणात रात्री उठून न थांबता खाणं होतंय का? तसं असेल तर आधी मनाच्या डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. पोट लहान केलं म्हणून ते खाणं आपोआप थांबत नाही.

काही डॉक्टर आधी इंजेक्शनचा पर्याय सांगतील. २०२५ मध्ये मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही औषधं भारतात आली. त्यांनी वजन चांगलं उतरतं. पण सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं साधारण दोन-तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे इथेही ‘किती दिवस’ आणि ‘किती खर्च’ हे विचारावंच लागतं. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची नाहीत.

वर्षभर थांबायला सांगितलं, तर ते वर्ष वाया जात नाही. तोवर हिमोग्लोबिन वाढवा, तंबाखू सोडा, डाळी, अंडी, दही रोजच्या ताटात आणा. सर्जरी झालीच तर हे सगळं लागणारच आहे. आणि आई ज्वारीची भाकरी आणि चालणं म्हणत होती, तेही सर्जरीनंतर सुटत नाही.

परत त्या रात्रीच्या गाडीत येऊ. तिघांची तीन मतं चालू आहेत. तुम्ही फाइल उघडा. एंडोस्कोपीच्या कागदावर काय लिहिलंय ते मोबाइलच्या उजेडात वाचा. समजलं नाही, तर सकाळी पोचल्यावर सर्जनला फोन करा आणि म्हणा, ‘सर, काल विचारायचं राहिलं. माझ्यासाठी बायपासच का?’

उत्तर पटलं तर सही करा. नाही पटलं तर ते का पटलं नाही हे वहीत लिहा आणि दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या. ही सर्जरी तातडीची नसते. दोन आठवडे उशीर झाला तर काही बिघडत नाही.